साईची दोन गिऱ्हाइकं

साई बोलता बोलता समोरच्याची कॉलर धरायचा. भांडायला नाही. अंगठा आणि बोटात कापड घेऊन चोळायचा आणि तुमचं बोलणं मध्येच तोडून सांगायचा, "टेरीकॉट. दो धुलाई में गोले आएंगे." समोर पोस्टमन असो, भजनी बुवा असो, नाहीतर नगरसेवक. एकदा वीज कापायला आलेल्या माणसाची बाही त्याने अशी धरली की तो माणूस घाबरून शिडी घेऊन परत गेला. त्या महिन्यात आमची वीज वाचली.

उल्हासनगरला कॅम्पात आम्ही त्याचे भाडेकरू. पुढे त्याचं कापडाचं दुकान, मागे त्याचं राहणं, वर आमची खोली. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको. आता ती नाही आणि साईपण नाही. खोली आहे.

सिंधी लोक एकमेकांना मानाने साई म्हणतात, तसं सगळे त्याला म्हणायचे. खरं नाव मी कधी विचारलं नाही. तो चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. मेल्यावर सगळेच चांगले होतात, त्याला काही अर्थ नाही. चिडका होता. नळाला पाणी आलं की आधी स्वतःचे पिंप भरायचा, मग आमचा कॉक सोडायचा. माझ्या बायकोने जिन्यात पापड वाळत घातले तर त्यावरून चालत जायचा आणि वर तिलाच विचारायचा, "रास्ते में काय ठेवता?" बायको केव्हाच गेलेली, एक मुलगा पुण्याला. एकटा माणूस जसा होतो तसा झाला होता.

दुकानही नावाला उरलं होतं. एके काळी बदलापूर-अंबरनाथची लग्नाची खरेदी त्याच्याकडे व्हायची. मग सगळ्यांना तयार कपडे पाहिजे झाले. तरी तो रोज सकाळी दुकान उघडायचा, गादीवर धुतलेली पांढरी चादर ताणून घालायचा, सुरकुत्या हाताने काढायचा आणि बसायचा. मी म्हटलं, "साई, कोण येतंय आता? कशाला रोज चादर धुता?"

तो म्हणाला, "गिऱ्हाईक नहीं आया तो दुकान ने क्या गुनाह किया?"

धंद्याची त्याची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते विचारायचं नाही. "पूछेगा तो वो सोचेगा. सोचेगा तो जाएगा. दिखाते जाने का. उसका हाथ जिधर रुका, वो उसका माल." बाईने तोंड वाकडं केलं तरी हा न कंटाळता दुसरा तागा उलगडायचा. तिचा हात थांबेपर्यंत.

ती दोन जनावरं त्याच्याकडे आली ती लॉकडाऊनमध्ये.

त्याच्या दुकानाला लागून एक मासे आणि पक्षी विकायचं दुकान होतं. चालवणारा गावी गेला तो तिकडेच अडकला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. साई मात्र बंद शटरच्या आत आपल्या गादीवर बसून असायचा. एक दिवस वर आला आणि आम्हाला म्हणाला, "बाजूवाले में कोई सीटी मारता है. बच्चा है अंदर."

मी म्हटलं, "कुकर असेल कुणाचा."

"कुकर मेरे चलने से सीटी मारेगा क्या? मी चाललो की वाजते. मी थांबलो की बंद."

आणि खरंच गेला. कापड मोजायचा लोखंडी गज घालून त्याने बाजूचं कुलूप तोडलं. आवाज ऐकून गस्तीचे पोलीस धावले. मी जिन्यातून बघत होतो, खाली उतरायची माझी काही हिंमत झाली नाही. हवालदाराने दंडुका आपटून विचारलं, "काय चोरतोस रे म्हाताऱ्या?"

आतून साई पिंजरा घेऊन बाहेर आला. मासे मेले होते, पक्षी मेले होते, सगळीकडे घाण वास. पिंजऱ्यात दोन गिनीपिग होते. बिनशेपटीचे, मुठीएवढे, पुठ्ठा कुरतडून, बाटलीतल्या उरल्या पाण्यावर जगलेले. हवालदाराला बघून दोघांनी शिट्टी मारली.

साई म्हणाला, "साहब, ये दो मॅडम अंदर रह गई थीं."

हवालदाराने नाकाला रुमाल लावून हात हलवला. दुकानवाला पुढे कधी परत आलाच नाही. पिंजरा साईच्या गादीवर राहिला. एक तपकिरी, डोक्यावर भोवरा असलेली, ती बडी मॅडम. दुसरी काळी, एक कान पांढरा, ती छोटी मॅडम. दोघी माद्या. साई त्यांच्याशी अहो-जाहोने बोलायचा. आमच्याशी नाही, त्यांच्याशी.

त्यांना तो जे स्वतः खाईल ते द्यायचा. बिस्कीट, कोकी म्हणजे त्यांची कांदा घातलेली जाड पोळी, भात. थोड्या दिवसांत बडी मॅडमचं पोट नगाऱ्यासारखं झालं. रिक्षा चालू झाल्यावर पिंजऱ्यावर पॉपलिनचा तुकडा टाकून तो अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर जनावरांची डॉक्टर बसते तिच्याकडे गेला. दुपारी परत आला तो घामाने भिजलेला आणि चिडलेला. जिन्याखालूनच ओरडला, "भाभी! मराठी में 'हे' बोले तो क्या?"

माझी बायको वर जिन्याच्या तोंडाशी तांदूळ निवडत होती. तिने मला जन्मात नावाने हाक मारली नाही, मी तिला मारली नाही. मी तिचा 'हे' आणि ती माझी 'ही'. तर ही म्हणाली, "हे म्हणजे हे. ये."

"ये मतलब क्या ये? डॉक्टर बोली, इनको 'हे' दो. मुझे लगा मराठी में कुछ बोल रही है. गर्दन हिलाके आ गया."

"अहो शेठ, आमच्यात 'हे' म्हणजे नवरा." तिने सुपासकट माझ्याकडे बोट केलं. "ते बघा, बसलेत आमचे हे."

साईने मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "सूखा होना चाहिए, बोली."

"सुकेच आहेत."

"दिनभर सामने रखने का."

"माझ्यासमोर दिवसभर हेच असतात. माझं नाही पोट सुधारलं ते."

"पुराना हे नहीं चलेगा. गीला हे नहीं चलेगा. और सुबह-शाम हे बदलने का."

सकाळ-संध्याकाळ हे बदलायचे, हे ऐकल्यावर ही जी हसायला लागली ती थांबेना. सूप कलंडलं, तांदूळ जिन्यावरून खाली साईच्या डोक्यावर. साईला काही कळत नव्हतं, पण तोही हसायला लागला. त्याचे पुढचे दात नव्हते ते मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत कधी तो हसलेला बघितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर अंबरनाथला गेलो. डॉक्टर म्हणजे पोरगीच होती. म्हणाली, "काका, हे म्हणजे इंग्लिशमधलं हे. वाळलेलं गवत."

मी म्हटलं, "मग गवत म्हणा की बाई. गवताला गवत म्हणायला फी कमी मिळते काय?"

ती हसली आणि तिने नीट समजावलं. या जनावराचे दात वाढतच राहतात, गवत चावून चावून झिजवावे लागतात. पोटही सारखं चालू लागतं. एक-दोन दिवस उपाशी राहिलं तर पोट बंद पडतं आणि जनावर जातं. म्हणून दिवसभर समोर गवत.

तेव्हापासून साई मला 'हे'च म्हणायला लागला. "ए हे, नीचे आ." आमची ही म्हणायची, "माझा हक्काचा शब्द त्या शेठने उचलला."

गवत म्हटल्यावर माझी छाती फुगली होती. मी मूळचा चामटोलीचा. चौथीत शाळा सोडली आणि बदलापूरला गवताच्या वखारीत लागलो. दिवाळीनंतर गावागावातून गाड्या भरून गवत यायचं, आम्ही ते दाबून तारेने गासड्या बांधायचो, मग ट्रक भरून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. वखारींच्या जागी बिल्डिंगी आल्या तेव्हा मी अंबरनाथ एमआयडीसीत हेल्पर झालो. पण गवत मला कळतं असं मी समजत होतो. साईला म्हटलं, "तुम्ही बसा. गवत माझ्याकडे लागलं."

बदलापूरच्या तबेल्यातून मी भारा आणला. साईने गादीवरची चादर सरळ केली, मूठभर गवत मधोमध पसरलं, दोघींना पिंजऱ्यातून काढून समोर ठेवलं आणि हात जोडून म्हणाला, "आइए मॅडम. नया माल आया है."

बडी मॅडमने वास घेतला, पाठ फिरवली आणि गवतावर लेंड्या टाकल्या.

"बैठ गया तेरा माल," साई मला म्हणाला.

मी म्हटलं, "म्हशी खातात हे."

"तो भैंस को बिठा मेरी गादी पे."

मग रोज तोच खेळ. आंबेवाल्याकडून पेटीतला भाताचा पेंढा आणला. काड्या जाड, छोटीच्या तोंडाला टोचलं. दुसऱ्या तबेल्याचं आणलं, त्यात धूळ, दोघी शिंकायला लागल्या. साईच्या मुलाने पुण्याहून मोबाइलवर ऑर्डर करून पाकीट पाठवलं, त्यावर डोंगराचं चित्र. साईने त्यातली एक काडी काढून काडेपेटीने जाळली, धूर हुंगला, राख बोटावर चोळली. कापडात नायलॉन आहे का बघायला तो असंच सूत जाळायचा. म्हणाला, "प्युअर है." दोघींनी एक दिवस खाल्लं. दुसऱ्या दिवशी तेच पाकीट, तेच गवत, तोंड लावेनात. साई मान हलवून म्हणाला, "फॅशन उतर गई."

माझी अक्कल तिथे संपली. बैलाला काय लागतं ते मला माहीत. या दोन बायकांना काय लागतं ते मला कुठून माहीत असणार?

शेवटी तो म्हणाला, मला तुझ्या गावाला ने. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायात चकचकीत बूट, असा तो चामटोलीत उतरला. आमच्याकडे पांढऱ्या कपड्यात कोणी आलं की जमीन घ्यायलाच आलं असं लोक धरतात. माझा भाऊ ओट्यावरून उठून आला, खुर्ची पुसली, विचारलं, "शेठ, प्लॉट बघायचा का?"

"नहीं," साई म्हणाला, "कपडा देखने आया."

मग हा सगळ्या उतारावर वाकून वाकून गवत चोळत फिरला. एक पातं तोडायचा, बोटात फिरवायचा, कानाजवळ नेऊन हलवायचा. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, याच्या डोक्याला काही झालंय का? असेल तर आधी सांग, पोरं घाबरतील."

ओढ्याकडच्या बांधावर एक मऊ गवत होतं. साईने ते कानाला लावलं आणि डोळे मिटले. "ये आवाज नहीं करता. यही माल." ते फुलावर यायच्या आत कापायचं आणि उन्हात न टाकता पडवीत वाळवायचं, हे भावाने सांगितलं. पण शेजारच्या पिकल्या गवताची कुसळं त्यात फार. कुसळ जनावराच्या गालात रुततं, डोळ्यात जातं. म्हणून मग आमची ही रोज दुपारी साईच्या गादीवर बसून गवत निवडायची, तांदूळ निवडल्यासारखं. एकेक कुसळ काढून पदराच्या टोकाला जमवायची. म्हणायची, "शेठ, नवऱ्याच्या ताटात मी कधी एवढं निवडून वाढलं नाही."

"वो हे है," साई म्हणायचा, "वो कुछ भी खाता है."

ते गवत दोघींनी खाल्लं. खाताना कुरुकुरु बारीक आवाज यायचा. तो ऐकताना साई हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा. एकदा खरोखरची बाई ब्लाउजपीस घ्यायला दुकानात आली तर तिला म्हणाला, "बाद में आओ. गिऱ्हाईक बैठा है."

तीन-चार पावसाळे असे गेले. मग आमच्या हिच्या पोटात दुखायला लागलं.

दुखण्याचं मी लिहिणार नाही. जे होतं ते सगळ्यांच्या घरी होतं. एवढंच सांगतो की शेवटी तिचं खाणं सुटलं. मी भात मऊ करून द्यायचो, पेज द्यायचो, ती तोंड फिरवायची. साई रोज एक नवीन वाटी घेऊन जिना चढायचा. आज कढी, उद्या साबुदाणा, परवा शिरा. तिला कधी विचारलं नाही, काय खाशील. नुसती वाटी समोर ठेवायचा, झाकण काढायचा, तिचा हात बघायचा. हात उचलला नाही की झाकण लावून खाली. "दुसरा लाता हूँ, भाभी." तेवढंच बोलायचा. तिचा हात कधी थांबला नाही कुठल्याच वाटीवर.

ती गेली त्या दिवशी तिरडीचं सामान आलं. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं आणि वर घालायला पांढरं कापड. बायका रडत होत्या, भटजी घाई करत होता, ऊन चढलं होतं. साई पुढे आला आणि त्याने ते पांढरं कापड अंगठा-बोटात धरून चोळलं.

"ये नहीं चलेगा."

माझा मेव्हणा म्हणाला, "काय नाही चालणार?"

"खळ है इसमें. खरखरीत आहे. टोचेल."

"अरे, मयत खोळंबलंय आणि तुम्ही कापड काय बघताय? तिला आता काय टोचायचंय?"

साईने त्याच्याकडे बघितलंही नाही. तसाच दुकानाकडे गेला. शटर वर गेल्याचा आवाज आला, फळीवरून तागे काढल्याचा आवाज आला. आम्ही सगळे उन्हात उभे. मेव्हणा माझ्यावर ओरडला, "तुम्ही तरी बोला!"  साई मलमलचा तागा घेऊन परत आला. आमच्यासमोर कानाला लावून हलवला, आवाज येत नाही हे बघितलं, मग कात्रीने कापून दिलं. तेच घातलं.

बारावं-तेरावं झालं, लोक गेले. साई रोज सकाळी वर यायचा. सांत्वन वगैरे त्याला जमायचं नाही. दारात उभा राहून विचारायचा, "खाया?"

मी म्हणायचो, "हो."

तो पुढे येऊन माझा शर्ट धरायचा. "झूठ. कपडा ढीला हो गया."

मला भूक लागायचीच नाही. कुणासाठी चूल पेटवायची? कधी पाव खाल्ला, कधी नाही. त्याला सांगून काय उपयोग?

त्याच उन्हाळ्यात बडी मॅडम गेली. वय झालं होतं. साईने तिला मलमलीत गुंडाळलं आणि मागच्या अंगणात पुरलं. दुसऱ्या दिवसापासून छोटीने खाणं सोडलं. पिंजऱ्यातल्या झोपायच्या खोक्यात कोपऱ्याकडे तोंड करून बसली ती बसली. डॉक्टर पोरगी म्हणाली, पिचकारीने पाणी पाजा, पण स्वतः खाल्लं नाही तर जास्त दिवस नाही.

साईने सगळा धंदा पुन्हा मांडला. गादीवर चादर, त्यावर तबेल्याचं गवत, पाकिटातलं गवत, आंबेवाल्याचा पेंढा, सगळं वेगवेगळं मांडलं. "मॅडम, ये देखिए. अच्छा, ये नहीं. ये देखिए."  छोटी वळून बघत नव्हती. मला म्हणाला, "हे, तू गाव जा. बांध का माल ला."

मी चामटोलीला गेलो. बांध नव्हता. ओढ्यापर्यंत सगळा उतार कापून सपाट केला होता, चुना टाकून प्लॉट पाडले होते. भाऊ म्हणाला, "दादा, तुला फोन करणार होतो." मी म्हटलं, "गवतासाठी कशाला फोन करतोस." दुसऱ्याच्या बांधावरून जे मिळालं ते पिशवीत भरून आणलं.

परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि माझ्या पोटात काही नव्हतं, गादीच्या कडेला टेकलो. साईने आधी पिशवी घेतली, गवत चोळलं. छोटीसमोर ठेवलं. ती हलली नाही. साई तसाच उठला, आत गेला, गॅसवर पापड भाजला आणि पाण्याच्या ग्लासाबरोबर माझ्यासमोर ठेवला. बाहेरून आलेल्याला त्यांच्यात आधी पापड-पाणी देतात. एवढा कोसळलेला असला तरी ती रीत त्याने सोडली नाही.

मला नको होता. पण तो समोर उभा. मी तुकडा मोडून तोंडात टाकला. माझ्या उरलेल्या दातांनी पापड जोरात वाजला.

खोक्यात खसखस झाली. छोटी वळली. मी दुसरा तुकडा चावला. ती बाहेर आली, चादरीवरून हळूहळू माझ्या गुडघ्यापर्यंत आली, आणि तिथे जे पडलं होतं त्यातली एक काडी ओढून खायला लागली. बांधाचं नाही, पाकिटातलं नाही. आंबेवाल्याचा पेंढा. सगळ्यात टाकाऊ माल.

मी बघतच राहिलो. माझं चावणं थांबलं, तशी तीही थांबली.

"रुकता क्यों है!" साई ओरडला. "खा! हे, खा ना!" आणि त्याने अख्खा पापड माझ्या तोंडात कोंबला. मी चावत होतो, ती चावत होती, माझ्या नाकातोंडातून पापडाचा चुरा उडत होता. साई गादीवर मटकन खाली बसला.

मग म्हणाला, "माल खराब नहीं था. वो अकेली कभी खाई ही नहीं थी."

मग हुकूमच निघाला. सकाळ-संध्याकाळ मी गादीवर येऊन जेवायचं. तो कोकी करायचा, पापड भाजायचा, मला वाढायचा, छोटीसमोर गवत टाकायचा आणि हात वर करून दोघांचे आवाज ऐकत बसायचा. स्वतः नंतर जेवायचा. मी म्हणायचो, "साई, तुम्हीच खा की तिच्याबरोबर." तर तोंड उघडून हिरड्या दाखवायचा. "मेरा आवाज नहीं आता." माझा शर्ट हळूहळू अंगाला बसायला लागला. तो मला तिच्यासाठी बोलवायचा की माझ्यासाठी, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर शिवी दिली असती.

गेल्या पावसाळ्यात साई मोरीत पडला. कंबर मोडली. मुलगा आला आणि त्याला पुण्याला घेऊन गेला. नातवाला दमा, म्हणून जनावर नेता येईना. साईने त्यावर भांडण केलं नाही. पिंजरा माझ्या खोलीत आणायला लावला आणि स्ट्रेचरवर झोपल्या झोपल्या माझी बाही चोळली. "कडक है. इस्त्री मत कर." एवढंच बोलला.

पुण्याहून रोज सकाळी चहाच्या वेळी फोन यायचा.

"खाया?"

"खाल्लं."

"दोनों ने?"

"दोघांनी."

आणि फोन बंद. मी भाकरी खायचो, छोटी गवत खायची. थंडी संपताना एका सकाळी मी ताट घेऊन बसलो तर ती खोक्यातून आली नाही. हात लावला तर गार. फोन आला. मला गोलगोल बोलता येत नाही. म्हटलं, "साई, छोटी गेली."

तिकडून फोन बंद झाला. 

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा वाजला.

"खाया?"

मी म्हटलं, "साई, ती गेली. काल सांगितलं ना."

"बहरा नहीं हूँ," साई म्हणाला. "तू ने खाया?"

असं काही आठवडे चाललं. मग होळीच्या सुमाराला फोन येईना. दोन दिवस वाट बघितली आणि मीच लावला. सुनेने उचलला. चांगली मुलगी आहे, रडत होती. "अंकल, पप्पा कुछ लेते ही नहीं. मुँह फेर लेते हैं. सब बनाके देखा. कढी, खिचडी, सूप. डॉक्टर बोलते हैं नली डालेंगे, वो हाथ से निकाल देते हैं."

मी विचारलं, "तुम्ही लोक कधी जेवता?"

"हम? पप्पा को खिलाने के बाद, अंकल. किचन में."

"त्याच्याजवळ बसून जेवा."

"उनके सामने कैसे खाएं? वो भूखे पडे हैं और हम खाएं? अच्छा नहीं लगता."

तिचंही खरं होतं. माणूस म्हणून तिचंच खरं होतं. मी म्हटलं, "बेटा, फोन त्याच्या कानाला लाव. आणि वाटी त्याच्या हाताजवळ ठेव. भरवू नको. काही बोलू नको."

खसफस झाली. मग श्वास ऐकू आला. जड, घरघर करणारा. मी म्हटलं, "साई." 

घरात पापड नव्हता. कालची भाकरी होती, कडक झालेली, आणि कांदे होते. मी जमिनीवर बसलो, फोन मांडीजवळ ठेवला, कांदा बुक्कीने फोडला आणि खायला लागलो. तोंड फोनपाशी नेऊन, मुद्दाम कचाकचा, आवाज करून. भूक नव्हती. घास पाण्याबरोबर ढकलत होतो. मध्ये थांबलो की तिकडचा श्वासही थांबल्यासारखा वाटायचा, म्हणून मी थांबत नव्हतो.

भाकरी संपत आली तेव्हा सुनेचा आवाज आला, हळू. "अंकल, कट मत करना. मैं फोन लेने गई तो छोड नहीं रहे. पकडके रखा है."

"काही खाल्लं?"

"नहीं. वाटी पे हाथ रखा है बस."

मी दुसरा कांदा फोडला.